शेर, छटाक आणि डॉक्टर

लखनौमध्ये केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे उपायुक्त कार्यालय आहे. या ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला असून नीमच व कोटा येथे अशीच आणखी दोन कार्यालये आहेत. बाराबंकीसारख्या जिल्ह्यात खसखशीचे पीक घ्यायचे तर शेतकऱ्याला परवाना लागतो. शेताची मोजणी होते. बोंडाला चिरा देऊन काढलेला चीक सरकारी काट्यावर तोलला जातो, त्यातील पाण्याचा अंश तपासून तो प्रमाणित घट्टपणावर आणून मांडला जातो आणि ठरलेल्या उताऱ्यापेक्षा माल कमी भरला तर पुढील हंगामाचा परवाना धोक्यात येतो. हिशेब काटेकोर आहे. दोनशे वर्षांच्या सरावाने तो तसा झाला आहे.

याच शहरात अफू, हेरॉइन किंवा दारू यांच्या आहारी गेलेल्या माणसावर उपचार करण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले डॉक्टर किती, असा प्रश्न कोणी विचारला तर तो हिशेब मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. हा विरोधाभास कोणा एका विभागाच्या निष्काळजीपणाचा नाही, त्याला मोठा इतिहास आहे. आपल्या राज्ययंत्रणेने व्यसनाकडे आधी महसूल म्हणून पाहिले, नंतर गुन्हा म्हणून, आणि आजार म्हणून पाहायला तिला फार उशीर लागला. डॉक्टरांच्या शिक्षणाचा क्रम त्यामुळे शेवटचा लागला.

गाझीपूरचा अफूचा कारखाना १८२० मधला. तो आजही सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाना म्हणून उभा आहे. १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले आणि तेथील खसखशीची शेतीही बनारस एजन्सीच्या छत्राखाली आली. चीनला जाणाऱ्या पेट्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु देशांतर्गत खपासाठी राखलेल्या अबकारी अफूची कथा तितकीशी सांगितली जात नाही. ती परवानाधारक दुकानांतून विकली जाई. लखनौत अफू खाण्याबरोबर ओढण्याचीही चाल होती. अफूचा अर्क काढून चिलमीतून ओढला की तो चंडू आणि पानाच्या चुऱ्यात मिसळून ओढली की ते मदक. मराठी माणसाला ‘चंडूखान्यातल्या गप्पा’ हा हिंदी वाक्प्रयोग हिंदी सिनेमामुळे माहीत असतो, पण या शहरात चंडूखाना ही खरीखुरी, भाडे भरणारी जागा होती.

अबकारी धोरणाचे सूत्र असे सांगितले जाई : खप कमीत कमी, महसूल जास्तीत जास्त. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सूत्र ऐकून हसू आल्यावाचून राहत नाही. व्यसनी माणसाची मागणी किमतीप्रमाणे फारशी हलत नाही. दर वाढवला तरी तो घेतोच, पोटाला चिमटा काढून घेतो. म्हणून कर बसवण्यासाठी याहून सोयीची वस्तू नाही. सूत्राचा दुसरा भाग सहज पार पडे आणि पहिला भाग अहवालाच्या प्रस्तावनेत राही. या व्यवस्थेत डॉक्टरला काम नव्हते. तो लागला तो पुढे, साक्षीदार म्हणून.

१८९३ हे साल या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटच्या दडपणाखाली दोन आयोग नेमले गेले. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील अफू आयोगाने १८९५ मध्ये निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात अफूचे सेवन बहुतांशी माफक आहे आणि बंदीची गरज नाही. अफूने हिवताप दूर राहतो असे सांगणारे वैद्यकीय साक्षीदारही त्या आयोगापुढे आले होते. विज्ञान महसुलाच्या किती उपयोगी पडू शकते याचा तो नमुना होता.

दुसरा आयोग भांग, गांजा आणि चरस यांच्यासाठी होता. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. साक्षीदार १,१९३ आणि अहवालाचे खंड सात. हा अहवाल मी सेवेच्या सुरुवातीच्या काळात वाचला आणि प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे प्रकरण तरी वाचावे असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. गांजाने वेड लागते, हे त्या काळी सर्वमान्य सत्य होते. पुरावा कोणता, तर इस्पितळांचे वार्षिक तक्ते. त्यांत ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे आणि अनेक रुग्णांपुढे त्यात ‘गांजा’ लिहिलेले असे.

आयोगाने तक्त्यांवर विश्वास न ठेवता मूळ कागद मागवले. १८९२ या एका वर्षात देशातील इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांगेमुळे असल्याचे नोंदलेले होते. एकेका प्रकरणाची फेरचौकशी झाली. हाती काय लागले? कारणाची ती नोंद बहुधा डॉक्टरने केलेलीच नव्हती. रुग्णाला पाठवताना पोलिसांनी आणि मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने जो वर्णनतक्ता भरला, त्यात ऐकीव माहितीवर ‘गांजा पीत असे’ असा शेरा पडे. इस्पितळाचा अधिकारी तो आपल्या वहीत उतरवून घेई, वहीतून तो वार्षिक तक्त्यात जाई आणि तक्त्यातून सरकारी धोरणात. छाननीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणेच कशीबशी टिकली. त्यांतही केवळ गांजा-भांग हेच कारण म्हणता येईल अशी ६१.

येथे हवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे रकाना होता, रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कचेरीत अनुभवलेले आहे. खरा प्रश्न डॉक्टरचा होता. नशा करणाऱ्या माणसाला काय विचारावे, किती काळापासून, किती मात्रा, थांबवल्यावर काय होते, वेडाची लक्षणे आधीची की नंतरची, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून त्याने पोलिसाचा शेरा नकलून घेतला. व्यसनचिकित्सेच्या शिक्षणाचा अभाव म्हणजे काय, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका सरकारी अहवालाने इतके स्वच्छ दाखवून ठेवले आहे. अहवाल वाखाणला गेला. शिक्षणाविषयी पुढे काही झाले नाही.

या आयोगाच्या सात सदस्यांत कपुरथळ्याच्या राजघराण्यातील कुंवर हरनामसिंग होते. अवधमधील कपुरथळा संस्थानच्या जमिनींमुळे त्यांचा मुक्काम लखनौत असे. त्यांची लखनौत जन्मलेली कन्या म्हणजे राजकुमारी अमृत कौर, स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा, म्हणजे एम्सचा, १९५६ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांचे फळ. देशातील व्यसनचिकित्सेच्या शिक्षणाचे मुख्य केंद्र पुढे याच संस्थेने उभारले. वडिलांच्या आयोगाने दाखवलेली उणीव मुलीने घडवलेल्या संस्थेत भरून निघू लागली, पण मधे जवळजवळ शंभर वर्षे गेली.

त्या शंभर वर्षांत मोजमाप वाढले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे सहा शेर अफू हे वैद्यकीय गरजेचे प्रमाण मानले. त्याहून फार अधिक खप असलेले जिल्हे शोधून तेथे चौकश्या झाल्या. म्हणजे आजाराचे एककही शेरच! या चौकश्यांच्या काळात कलकत्त्याच्या ट्रॉपिकल स्कूलमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा या औषधशास्त्रज्ञाने प्रथम अफू खाणाऱ्या माणसांकडे रुग्ण म्हणून पाहिले. ती माणसे अफू का खातात, किती खातात, सोडताना त्यांना काय होते, हे त्यांनी नोंदवले. पुढे भांग-गांजावरही त्यांनी असेच काम केले. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील १९३०-३१ च्या औषध चौकशी समितीमुळे औषधनियंत्रणाचा पाया घातला गेला. परंतु त्यांच्या व्यसनविषयक कामातून एखादा अभ्यासक्रम उभा राहिला नाही. संशोधन ग्रंथालयात राहिले.

स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत अफूची खुली विक्री बंद करण्याचे ठरवले आणि १ एप्रिल १९५९ पासून ती बंद झाली. नंतर अफू मिळे ती वैद्यकीय कारणासाठी, नोंदणी झालेल्या व्यसनींना. डॉक्टरची सही येथे आवश्यक ठरली. मुंबई राज्यातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर प्रकृतीच्या कारणासाठी दारूचा परवाना डॉक्टरी दाखल्यावर मिळे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाकोणाकडे असे परवाने होते, हे महाराष्ट्रातून बाहेर पडलेल्या अनेक वाचकांना आठवत असेल. त्या पिढीत किती प्रतिष्ठितांना अचानक ‘औषधी’ ब्रँडीची गरज भासू लागली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सांगायचे एवढेच की साक्षीदाराचा डॉक्टर आता दाखला देणारा झाला. उपचार करणारा अजून झाला नव्हता.

आता लखनौचे वैद्यकीय महाविद्यालय. १९०५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, १९११ मध्ये ते सुरू झाले, आणि किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज या नावाने उत्तरेत त्याचा दबदबा राहिला. २००२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. मायावतींच्या कारकिर्दीत त्याला छत्रपती शाहूजी महाराज यांचे नाव दिले गेले. सरकारे बदलली तशी पाटीही बदलत राहिली आणि २०१२ मध्ये किंग जॉर्ज परत आले. कोल्हापूरच्या माणसाला गोमतीकाठी आपल्या महाराजांचे नाव वाचून झालेला आनंद अल्पकाळ टिकला. डॉक्टर मंडळी मात्र सर्व काळ स्वतःला ‘जॉर्जियन’ म्हणवत राहिली.

या शहराला मानसोपचाराची जुनी परंपरा आहे. मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० मध्ये येथे नूर मंजिल हे मानसोपचार केंद्र स्थापले. वेड्यांचे इस्पितळ म्हणजे कोंडवाडा ही समजूत दृढ असलेल्या काळात ते मोठे धाडस होते. १९७० च्या दशकात किंग जॉर्जच्या मानसोपचारतज्ज्ञांनी व्यसनांवर जे काम केले ते आजही उद्धृत होते. व्ही. आर. ठाकोर यांनी १९७२ मध्ये लखनौच्या संदर्भात भारतातील नशेवर निबंध लिहिला. बी. बी. सेठी आणि जे. के. त्रिवेदी यांनी १९७९ मध्ये ग्रामीण लोकसंख्येतील नशेची पाहणी प्रसिद्ध केली. आणि १९७६ मध्ये ठाकोर व शुक्ला यांनी भांग-गांजा घेऊन भ्रमिष्ट झालेले पंचवीस रुग्ण आणि संशयग्रस्त स्किझोफ्रेनियाचे पंचवीस रुग्ण शेजारी ठेवून त्यांच्या लक्षणांतील फरक मांडला. अमेरिकेतील एका अग्रगण्य नियतकालिकाने तो लेख छापला.

हा तोच १८९३ चा प्रश्न होता. फरक इतकाच की या वेळी रकाना डॉक्टरने स्वतः, रुग्णासमोर बसून भरला होता. भांगेची सरकारमान्य दुकाने असलेल्या प्रांतात, भांग पिणाऱ्यांवर, स्थानिक डॉक्टरांनी केलेले हे काम. त्यातून विशेष शिक्षणाची शाखा येथेच उभी राहू शकली असती. तशी ती त्या काळात राहिली नाही, कारण शिक्षणाची शाखा ज्ञानाने उभी राहत नाही, पदांनी उभी राहते. पद मंजूर व्हायला लेखाशीर्ष लागते, लेखाशीर्षाला मंत्रालय लागते, आणि व्यसनी माणूस तेव्हा कोणत्याच मंत्रालयाचा नव्हता.

आज तो चार मंत्रालयांचा आहे, ही गोष्ट वेगळी. अमली पदार्थांचा कायदा आणि खसखशीची शेती अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो गृह मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती केंद्रांची अनुदाने सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि डॉक्टर आरोग्य मंत्रालयाकडे. दारू तर राज्याचा विषय. दारूचे उत्पन्न एका खात्यात आणि दारूने आलेला यकृताचा खर्च दुसऱ्या खात्यात पडतो, म्हणून दोहोंची वजाबाकी कोणीही करत नाही.

१९८० च्या दशकात ब्राउन शुगर आली. मुंबईत तिला गर्द म्हणत. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा नवा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. मूळ कायद्याच्या ८३ कलमांत शिक्षा आणि जप्ती यांचा विस्तार मोठा. उपचारांविषयी बोलणारी कलमे मुख्यतः दोन, ३९ आणि ७१. त्यातले दुसरे सरकारला उपचार केंद्रे काढण्याचा अधिकार देते. केंद्रे कोण चालवणार, त्यांना शिकवणार कोण, यावर कायदा बोलत नाही. कायद्याने ते बोलावे अशी अपेक्षाही नसते, पण मग कोणीतरी बोलावे लागते.

महाराष्ट्रात समाजाने वाट पाहिली नाही. अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी ते वाचून मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनाचे वेगळे शिक्षण देणारी संस्था देशात नव्हती. मुक्तांगणात शिक्षणाची दिशा उलटी झाली : रुग्णांनी डॉक्टरांना शिकवले. ‘टर्की’ म्हणजे काय हे पुस्तकातून नव्हे, ती सोसणाऱ्याकडून कळले. बरे झालेले रुग्ण पुढे कार्यकर्ते झाले. देशभरच्या समुपदेशकांचे प्रशिक्षणही तेथे होऊ लागले. मला या कामाचा आदर आहे. तरीही हे नोंदवणे आवश्यक वाटते की समुपदेशकांची परंपरा जशी रुजली, तशी डॉक्टरांची रुजली नाही. व्यसन म्हणजे समजावून सांगण्याची बाब, औषधाची नव्हे, असा समज उलट पक्का झाला.

या समजाची किंमत काय असते? पाय मोडलेला एक माणूस इस्पितळात दाखल होतो. रोज पिणारा आहे, पण हे कोणी विचारत नाही, किंवा विचारले तर नातेवाईक लाजेने नाही म्हणतात. दारू अचानक थांबते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, माणूस आरडाओरडा करतो. हा दारू तुटल्याने होणारा सन्निपात. याने मृत्यू येऊ शकतो. डायझेपामसारखी साधी, स्वस्त औषधे वेळेवर दिली तर तो बहुधा टळतो. ज्याला हे शिकवलेले नाही तो डॉक्टर रुग्णाला खाटेला बांधतो आणि सलाइनमधून ग्लुकोज चालू करतो. ब-१ जीवनसत्त्व न देता दिलेले ग्लुकोज अशा रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. ब-१ चे इंजेक्शन काही रुपयांचे असते. औषधाचा तुटवडा नाही, शिक्षणाचा आहे.

आणि ते शिक्षण किती होते? मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमावलीत साडेचार वर्षांच्या अभ्यासात मानसोपचाराच्या वाट्याला रुग्णालयातील दोन आठवडे होते. व्यसने त्या दोन आठवड्यांचा एक भाग. मानसोपचाराची स्वतंत्र परीक्षा नाही, आणि जे परीक्षेत नाही ते आपल्याकडे अभ्यासात नसते. विद्यार्थी दारूने कठीण झालेले यकृत बोटांनी चाचपायला शिकतो. दारूविषयी न दुखावता कसे विचारावे, हे शिकत नाही.

एम्सने १९८८ मध्ये दिल्लीच्या हरिनगर भागातील दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. २००३ मध्ये ते उत्तर प्रदेशात, गाझियाबादला, स्वतःच्या वास्तूत गेले आणि राष्ट्रीय केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. सरकारी डॉक्टरांसाठी अल्प मुदतीची प्रशिक्षणे तेथून चालली. २०१० नंतरच्या दशकात एम्स, चंडीगढची पीजीआय आणि बंगळूरची निम्हान्स अशा संस्थांत व्यसन-मानसोपचाराची डी.एम. ही पदवी आली. मानसोपचारात एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षे.

डी.एम.चे स्वागतच केले पाहिजे. त्यातून शिक्षक तयार होतात, आणि शिक्षकांवाचून काहीच होत नाही. पण अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे व्यसन-मानसोपचाराचे तज्ज्ञ १९९३ पासून प्रमाणित होऊ लागले. ते पुरेनात, म्हणून २०१५-१६ मध्ये व्यसनचिकित्सा ही निराळी उपशाखा मान्य झाली आणि तिचे दार कुटुंबवैद्य, फिजिशियन, शल्यविशारद, सर्वांना उघडे ठेवले गेले. आपण आपले दार फक्त मानसोपचारतज्ज्ञांना उघडले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५ तर केरळात १.२ आढळले होते. इतक्या थोड्यांतून निवडलेले थोडे किती पुरणार?

एम्सच्याच केंद्राने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी लोक देशात होते. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. भांग-गांजाचे सेवन अधिक असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश होतेच.

त्याच २०१९ मध्ये एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम आला. त्यात मानसोपचाराखाली नशेच्या पदार्थांमुळे होणारे आजार हा स्वतंत्र विषय घातला आहे. दारू व नशा यांच्या रुग्णाचा इतिहास कसा घ्यावा, उपचार कसे करावेत, तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे, हे विद्यार्थ्याला यायला हवे असे त्यात नमूद आहे. पदवीच्या परीक्षेत मात्र मानसोपचाराचे प्रश्न, त्वचारोगांच्या प्रश्नांसह, जनरल मेडिसिनच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ठेवण्यात आले.